मुशीतून वाचलेली दोन नाणी

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन मिरजेला झालं आणि आई-आप्पा दोघंही माझ्याकडं साताऱ्यात राहायला आले. डोळ्यात धूळ जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि आमचं गाव विट्याच्या बाजूचं. उन्हाळ्यात तिथं धुळीशिवाय काय असतं? आईला माझा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आवडला. आप्पांना मात्र पहिल्या दिवसापासून तो अंगावर आला. सकाळी उठून गॅलरीत जायचे, आत यायचे, परत गॅलरीत जायचे. खाली कुणाची गाडी लागली, कुणाची निघाली, एवढंच बघायला होतं.

आप्पांनी उमेदीची सगळी वर्षं गलाईत घालवली. आमच्या खानापूर तालुक्यातल्या घराघरातली माणसं देशभर पांगली ती याच धंद्यापायी. जुने मोडके दागिने, नाणी, सोनाराच्या दुकानातली झाडलोट, जे काही येईल ते मुशीत घालून भट्टीवर वितळवायचं, त्यातली भेसळ काढून टाकायची आणि शुद्ध सोनं गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. आप्पांचं दुकान मदुराईच्या अलीकडच्या एका बाजारपेठेच्या गावात होतं. आता तिथं माझा धाकटा भाऊ बसतो. माझा जन्म तिथलाच. सातवीपर्यंत तिथं तमिळ बोलत वाढले आणि मग शिक्षणासाठी मला मामाकडं साताऱ्यात आणून सोडलं. तुमचं गाव कुठलं, असं कुणी विचारलं की मी आजही क्षणभर अडखळते. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवूनही ते अडखळणं गेलेलं नाही.

तपासणीसाठी परत मिरजेला जायचं होतं. डॉक्टरांचं काम लवकर आटोपलं. ऊन रणरणत होतं. आईला काळा चष्मा लावलेला. उन्हं कलेपर्यंत कुठं तरी गारव्यात बसावं म्हणून सांगलीत मी गाडी एका सभागृहापाशी थांबवली. बाहेर जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनाचा फलक होता. आत पंखे होते, खुर्च्या होत्या, एवढंच मी बघितलं होतं.

आप्पा टेबलांपुढून चालत निघाले. तांब्याची, चांदीची नाणी त्यांनी नुसती नजरेनं चाळली. एका टेबलामागं चाळिशीतला एक नाणेविक्रेता बसला होता. आई त्याच्यापुढच्या खुर्चीत टेकली आणि त्यानं तिच्या गळ्याकडं बघितलं.

"आजी, राग मानू नका. ते गळ्यातलं जरा बघू देता का?"

आईच्या गळ्यात काळ्या मण्यांच्या सरीबरोबर एक सोन्याचं नाणं असायचं. मला आठवतं तेव्हापासून होतं. आप्पांनी ते कधी तरी तिथल्या दुकानात करून दिलेलं. आम्ही त्याला गिन्नी म्हणायचो. आईनं ते गळ्यातून काढलं नाही, तशीच पुढं वाकली. त्यानं डोळ्याला भिंग लावलं आणि नाणं बोटाच्या टोकांनी कडेनं धरलं, पापड उचलावा तसं.

"ही गिन्नी नाही," तो म्हणाला. "वजनाला गिन्नीएवढंच असतं म्हणून सगळे फसतात. हे पंधरा रुपयांचं नाणं आहे. पहिल्या महायुद्धाच्या वेळी मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं. फक्त एकाच वर्षी पाडलं, पुढं बंद झालं."

"मग लय कमी पाडली आसतील," आप्पा मागून म्हणाले.

"तसं नाही बाबा. पाडली बक्कळ होती. उरली थोडी."

"गेली कुठं?"

"वितळली. लोकांना काय, सोनं ते सोनं. गलाईवाल्यांकडं न्यायचे, ते मुशीत टाकायचे. कुणी बघितलंय त्यावर काय लिहिलंय ते?"

आप्पा कोण आहेत हे त्याला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. मी आप्पांकडं बघितलं. ते टेबलावरच्या निळ्या कापडाकडं बघत होते.

मग त्यानं काचेच्या पेटीतून एक चौकोनी पारदर्शक डबी काढली. आत तसंच नाणं होतं. तसंच म्हणायचं, पण आईच्या गळ्यातलं आणि हे, दोन्हींत काही साम्य वाटत नव्हतं. या नाण्यावरच्या इंग्रज राजाच्या दाढीचे केस मोजता आले असते. मुकुटावरचे खडे वेगवेगळे दिसत होते. मागच्या बाजूला फुलापानांची वेल आणि मधोमध पंधराचा आकडा. नाणं हललं की एक मंद उजेड त्याच्या पृष्ठभागावरून फिरायचा, तळ्यावरून वारा जावा तसा.

"ही टांकसाळीची चमक," तो म्हणाला. "एकदाच असते. पुसलं, घासलं, पॉलिश केलं की गेली. पुन्हा कशानंही येत नाही. तुमच्या नाण्याला वर कडी झाळलीय, तिथं राजाच्या मुकुटाचा शेंडा जळालाय. शिवाय गळ्यात राहून झिजलंय. दुर्मिळ आहे, पण सोन्याच्या भावापलीकडं त्याला कुणी विचारणार नाही. कडी लावली नसती तर..."

आईनं नाणं पदराआड टाकलं आणि म्हणाली, "चला आता. ऊन उतरलं आसंल."

आप्पा हलले नाहीत. त्यांनी त्या डबीतलं नाणं बराच वेळ बघितलं. त्यांनी भाव विचारला नाही. आम्ही साताऱ्याला निघालो. कराडच्या पुलावर आई म्हणाली, "आवं, पाणी प्या थोडं," तर त्यांनी बाटली घेतली आणि झाकण न उघडताच मांडीवर ठेवली.

त्या दिवसापासून घराचं स्वास्थ्य गेलं.

आप्पांची झोप मोडली. पहाटे गॅलरीतल्या खुर्चीचा आवाज यायचा. जेवताना मध्येच हात थांबायचा. मी शाळेतून आले की दारातच विचारायचे, "पोरी, त्या माणसाचा फोन न्हाई का आला?" त्या नाणेविक्रेत्याचं कार्ड मी ठेवलं होतं, पण तो कशाला फोन करेल? एकदा मी भाजी निवडत होते तर समोर येऊन बसले.

"किती वितळवली आसतील गं मी?"

"आप्पा, धंदाच होता तुमचा."

"धंदा हुताच की. मी कुठं न्हाई म्हणतोय. गिऱ्हाईक म्हणायचं, गिन्नी हाय, गाळून द्या. मी गाळून द्यायचो. मूस लाल झाली की नाणं टाकायचं. कडंनं वितळायला लागतं, मधला राजा तेवढा ऱ्हातो थोडा येळ. मग त्योबी जातो. आता रातच्याला डोळं मिटलं की त्योच दिसतोय."

मी म्हटलं, "तुम्ही नसतं गाळलं तर शेजारच्या दुकानात गेलं असतं."

"ते बी खरं," म्हणाले, पण ते त्यांच्या उपयोगाचं नव्हतं.

मग त्यांनी ठरवलं, न घासलेलं, न झाळलेलं एक तरी नाणं शोधायचं. विकायला नाही, नुसतं बघायला आणि जमलं तर घरात ठेवायला. सुट्टी लागलेलीच होती. मलाही घरात बसवत नव्हतं. खरं सांगायचं तर आप्पांपेक्षा मीच जास्त अस्वस्थ होते. फोनवर त्या नाण्याचे फोटो बघत बसायचे, लिलावांची पानं उघडायचे. नाण्यांची प्रत ठरवायची एक भाषा असते, ती मी शिकून घेतली. कोऱ्या नाण्यापासून पार गुळगुळीत झालेल्यापर्यंत पायऱ्या असतात आणि धुतलेलं, कडी झाळलेलं, भोक पाडलेलं नाणं त्या शिडीच्या बाहेरच राहतं.

आधी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, आता नाणी कोण आणतंय? आली तरी गिऱ्हाईक समोर उभं असतं. भट्टी थांबवून फोटो कुठं काढत बसू?" आप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "थांबव. फोटू काढ." तो हो म्हणाला. त्या होकारात फार दम नव्हता.

मग आम्ही फिरलो. कराडच्या एका सराफानं अगदी आनंदानं एक नाणं पुढं ठेवलं. आप्पांनी ते तळहातावर घेतलं, कानाशी नेऊन नखानं टिचकी मारली आणि परत दिलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "सोनं खरं हाय, राजा खोटा हाय. साच्यात ओतलंय कुणी तरी." लोणंदला एका व्यापाऱ्याच्या घरी खरं निघालं, पण त्याला मधोमध भोक होतं. कुणा मुलाच्या आंगड्यावर शिवलेलं होतं म्हणे. प्रत्येक ठिकाणाहून परतताना आप्पा आणखी गप्प होत होते आणि मी आणखी जोरात गाडी चालवत होते.

एका संध्याकाळी आई डोळ्यात औषध घालून घेत होती. मान मागं टेकवलेली, डोळे मिटलेले. तशीच म्हणाली, "सारा मुलूख पालथा घातला. दुसरं कुठं हाय ते तुमाला ठाव न्हाई का?"

आप्पा एकदम ताठ झाले. "कुटं?"

"वडूजला."

आप्पा उठून गॅलरीत गेले.

मग आईनं मला सांगितलं. आप्पांचा दुकानात एक भागीदार होता, वडूजजवळच्या एका खेड्यातला. मी त्यांना काका म्हणायचे. एका ताटात जेवणारे दोघं. एके दिवशी एक म्हातारा तमिळ माणूस रुमालात बांधून दोन नाणी घेऊन आला. तोपर्यंत असली नाणी आली ती काळवंडलेली, दागिन्यात अडकवलेली. ही दोन कोरी करकरीत होती, कुणी तरी पेटीच्या तळाशी विसरलेली असावीत अशी. काकांना जुजबी इंग्रजी वाचता यायचं. त्यांनी वाचलं आणि हसतच सुटले. एवढं सोनं आणि वर लिहिलंय पंधरा रुपये. त्या गमतीपायी दोघांनी आपापल्या जवळचं सोनं म्हाताऱ्याला दिलं आणि एकेक नाणं ठेवून घेतलं. आप्पांनी त्याच आठवड्यात त्याला कडी झाळली आणि आईच्या गळ्यात घातलं. काकांनी आपलं कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत कापूस घालून ठेवलं.

"म्हणजे दोन्ही एकसारखीच होती?" मी विचारलं.

"जुळी म्हण की," आई म्हणाली.

पुढं काकांचे वडील गेले. गावाकडची कोरडवाहू जमीन बघायला घरात कुणी उरलं नाही. काका दुकान सोडून गावी परतले. आप्पांनी त्याचा राग धरला. ऐन दिवाळीच्या तोंडावर, भट्टी भरलेली असताना सोडून गेला, हे त्यांच्या मनातून गेलं नाही. काकांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, आप्पा गेले नाहीत. नंतर आप्पा स्वतःच दुकान माझ्या भावाच्या हाती देऊन गावी आले. विट्याहून वडूज काही लांब नाही. एसटीनं सकाळी गेलं तर दुपारच्या जेवणाला परत. पण गेले नाहीत. त्यांच्याकडूनही कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा आंघोळ करून, पांढरी टोपी घालून माझ्यासमोर उभे राहिले. "नंबर काढ त्याचा."

नंबर मिळायला फारसा वेळ लागला नाही. गलाईवाल्यांची गावोगाव सोयरीक असते. फोन काकांच्या सुनेनं उचलला आणि त्यांच्याकडं दिला. आप्पांनी स्पीकर चालू करू दिला नाही. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

"मी बोलतोय... व्हय, मीच... बरा हाय... ती बी बरी हाय, डोळा केला तिचा." मग त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "ते नाणं हाय का रं अजून?... हाय? ... डबीतच?... येतो बघाय."

फोन ठेवल्यावर त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. चेहरा असा झाला होता की त्यांना चहा विचारायचंही मला धाडस झालं नाही.

रविवारी आम्ही निघालो. आई आली नाही. पुसेगाव मागं पडलं तसं दोन्ही बाजूंना उघडं माळरान लागलं. आप्पा खिडकीतून बघत होते आणि मध्येच काही तरी पुटपुटत होते. काय बोलायचं याची तयारी चालली असावी. मी वाटेत सांगायला गेले, "आप्पा, नाण्याला हात लावताना कडेनंच धरायचं हं," तर म्हणाले, "ठाव हाय मला. त्या माणसानं धरलेलं बघितलंय."

घर रस्त्यालगतच होतं. पुढं पत्र्याची ओसरी, ओसरीत लोखंडी खाट. काका खाटेवरून उठले. उंच माणूस आता वाकला होता. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. आप्पा पायऱ्या चढून वर गेले आणि दोघं समोरासमोर उभे राहिले. कुणी कुणाला मिठी मारली नाही, कुणी हात पुढं केला नाही.

"वाळलास रं," काका म्हणाले.

"तू कुटं फुगलायस," आप्पा म्हणाले.

आणि दोघंही खाली बसले.

सुनेनं पाणी आणलं, चहा आणला. काकांनी माझी चौकशी केली, तमिळमध्ये. इतक्या वर्षांनी ती भाषा कुणाच्या तोंडून माझ्या दिशेनं आली आणि मला पटकन शब्द सापडेनात. चहा होईपर्यंत नाण्याचं नाव कुणी काढलं नाही. आप्पा मात्र बशी खाली ठेवत नव्हते, हातातच धरून बसले होते.

मग काकांनी सुनेला हाक मारली. ती आतून काळी डबी घेऊन आली. काकांनी झाकण उघडलं, कापूस काढला आणि नाणं स्वतःच्या तळहातावर ठेवून आप्पांपुढं धरलं.

ते लखलखत होतं. ओसरीत ऊन नव्हतं तरी लखलखत होतं, नवीन पितळी भांडं लखलखतं तसं. मी खाली वाकून बघितलं. राजाची दाढी होती, मुकुट होता, सगळं होतं. पण पृष्ठभागावर बारीक बारीक रेघा होत्या, केसाएवढ्या, सगळ्या एकाच दिशेनं गेलेल्या. तो मंद फिरणारा उजेड कुठंच नव्हता.

"काल दिसभर बसलो हुतो," काका म्हणाले. "तुजा फोन आला, मग डबी काढली. सून म्हणाली, मामा, ह्याला तर तांबूस डाग पडलाय. मला काय दिसतंय? म्हटलं, हा येणार आणि बघणार आणि म्हणणार, तुज्या हातात काय बी दिलं की त्याची माती हुती. दुकानात लय बोलायचास मला. मग रिठं भिजत घातलं, आपला जुना पितळी ब्रश काढला आणि बसलो घासत. बघ, हाय का कुटं डाग?"

मी आप्पांकडं बघायचं टाळलं. सून दारात उभी होती, कौतुकानं बघत होती.

आप्पांनी नाणं उचललं. कडेनं नाही, सरळ चिमटीत घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं.

"लय चांगलं ठेवलंयस रं," ते म्हणाले. "माज्यापरीस लय चांगलं ठेवलंस."

काकांनी मान डोलावली. आप्पांनी नाणं कापसावर ठेवलं आणि परसाकडं जाऊन येतो म्हणून उठले. ते लांब जाईपर्यंत काका त्यांच्या पायांचा आवाज ऐकत होते. मग माझ्याकडं वळले.

"पोरी, काय चुकलं का माजं?"

"नाही काका."

"तुज्या बापाबरं मी वीस वर्सं भट्टीपुढं काढल्यात. खोटं बोलाय लागला की त्याचा आवाज खाली येतो. खरं सांग."

मी वर्गात मुलांना एवढं समजावून सांगते, पण त्या वेळी कसं सांगावं ते कळेना. शेवटी सांगून टाकलं. अशी नाणी जशी असतील तशीच ठेवायची असतात. डाग असला तरी चालतो. घासलं की त्याची मूळ चमक जाते आणि ती परत येत नाही.

काका डबीचं झाकण लावत होते. ते लागेना. मी मदतीला हात पुढं केला, पण त्यांनी स्वतःच लावलं.

"मग आजवर तसंच हुतं की," ते म्हणाले. "कुणी बघाय आलं न्हाई."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. सून आत निघून गेली. ओसरीच्या पत्र्यावर कावळे नाचत होते, त्यांच्या नखांचा आवाज येत होता.

आप्पा परत आले. जेवण झालं. बाजरीची भाकरी, मटकीची आमटी, कांदा. काकांनी आप्पांच्या ताटात आग्रहानं तूप वाढलं. पिकापाण्याच्या गोष्टी झाल्या. निघताना काका म्हणाले, "घेऊन जायाचं का ते? माज्या माघारी हितं मोडूनच टाकतील," तर आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे तुज्याकडंच." मी गाडी वळवली तेव्हा काका ओसरीतच उभे होते. रस्ता त्यांना दिसत असेल असं वाटत नाही, पण बघत होते.

पुसेगावच्या अलीकडं आप्पांनी विचारलं, "मी मागं गेलो तवा काय म्हणाला त्यो?"

मला सांगायचं नव्हतं. पण त्या दिवशी माझ्याकडून सगळे खरं तेच वदवून घेत होते.

"चूक झाली का म्हणून विचारलं. मी सांगितलं."

"मग?"

"म्हणाले, आजवर तसंच होतं, कुणी बघायला आलं नाही."

उसाची एक ट्रॉली पुढं चालली होती, मला ओलांडता येत नव्हती. बराच वेळ तिच्यामागं आम्ही तसेच गेलो. मग ते म्हणाले, "गाडी वळीव."

"आप्पा, आई वाट बघत असेल."

"तिला फोन कर. वळीव तू."

मी वळवली. परत त्या माळातून जाताना त्यांनी टोपी काढली, परत घातली, परत काढली. घरापुढं गाडी थांबायच्या आतच दार उघडलं. ओसरीत काका खाटेवर आडवे झाले होते. आवाजानं उठून बसले.

"काय इसरलं का?"

"आज हितंच ऱ्हातो मी," आप्पा म्हणाले.

"मग ऱ्हा की. कोण नको म्हणतंय."

"तुज्या पोरीच्या लग्नाला आलो न्हाई मी."

"ती आता पोराबाळांची आई झाली रं," काका म्हणाले आणि खाटेवर सरकून त्यांना जागा केली.

मी पायरीपाशीच उभी होते. आप्पांनी मागं वळून हातानंच मला जा म्हणून खूण केली. त्यांच्याकडं बदलायला कपडे नव्हते, गोळ्याही साताऱ्यात राहिल्या होत्या. मी सुनेला तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "काळजी करू नका ताई, वडूजात मेडिकल हाय."

एकटीनं गाडी चालवत परत आले. संध्याकाळ झाली होती आणि मला सारखं वाटत होतं की काही तरी हातून सुटलंय, पण ते नाणं नव्हे. आई दारातच होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं. हितं नुसतं येरझाऱ्या घालत हुतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेचा फोन आला. मी घाबरूनच उचलला.

"ताई, दोघं भांडत्यात. मदुराईकडच्या भट्टीवरनं. कोळसा कुणी आणायचा ठरलं हुतं त्याच्यावरनं. न्ह्यारीला बोलावतीय तरी उठत न्हाईत. काय करू?"

मागून आप्पांचा आवाज येत होता. खाली आलेला नव्हता, चांगला चढलेला होता. आईनं माझ्या हातातून फोन घेतला, थोडा वेळ नुसतं कानाला लावून ऐकलं आणि सुनेला म्हणाली, "भांडू दे त्यास्नी. न्ह्यारी झाकून ठेव."